मास्क न लावल्यामुळे

परवा सकाळी आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रेसनोट येऊन पडली. दरवर्षी याच सुमारास येते. तारीख बदलते, साहेबांचं नाव बदलतं, मजकूर तोच. शेतकरी व शेतमजुरांनी मास्क लावूनच फवारणी करावी, सुरक्षा किट वापरावं, अन्यथा विषबाधा होऊन जीवितहानी होऊ शकते. सोबत फोटो. टेबलावर पांढरे मास्क, किट देताना सहा जण कॅमेऱ्याकडे पाहताहेत. ज्याच्या हातात किट दिलंय तो शेतकरी मात्र किटकडे पाहतोय.

अशा बातम्या मी वीस वर्षांपासून लावतोय. पाच मिनिटांचं काम आहे. यावेळी ते झालं नाही. का झालं नाही ते सांगतो. पोस्ट मोठी आहे मंडळी, पण पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आली आहे, थोड्या दिवसांत पंप पाठीवर चढतील, म्हणून आत्ताच लिहितोय.

२०१७ साल आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला आठवण करून द्यावं लागत नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती. बोंडअळी आली, पांढरी माशी आली, पाऊस थांबून थांबून पडत होता, हवा दमट. नव्या बॅटरी पंपाने बारीक फवारा वेगात उडायचा आणि फवारणारा त्या धुक्याच्या आत उभा असायचा. जुलैपासून माणसं दवाखान्यात यायला लागली. दिवाळी उलटेपर्यंत जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, आठशेवर भरती झाली. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. वॉर्डात पलंगाला हात बांधलेले रुग्ण पाहिले. मला वाटलं हा काय जुलूम! नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की विषावर उतारा म्हणून जे अ‍ॅट्रोपिन देतात त्याने माणूस बडबडतो, उठून पळतो, सलाइन उपटून टाकतो. बांधावंच लागतं. मग दिल्ली-मुंबईची चॅनेलं आली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. पुढे सगळे आपापल्या गावी गेले.

मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची, २०१९ च्या सप्टेंबरातली. तोवर विषबाधेची बातमी पहिल्या पानावरून तालुका पानावर आली होती.

एका गावचा मजूर. नाव देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. वय पस्तिशीच्या आतबाहेर. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्यांच्या वावरात पंपामागे पैसे घेऊन फवारायचा. सलग चार-पाच दिवस फवारणी केली, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. मला खबर फोनवर मिळाली. मी एका अधिकाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, "सुरक्षा साधनं वापरली नसतील." मी बातमी टाइप केली. 'सुरक्षा साधनांचा वापर न केल्यामुळे ही घटना घडल्याचे प्राथमिक माहितीत समोर आले आहे.' डेस्कवर त्याचं शीर्षक झालं, 'मास्क न लावल्याने मजुराचा मृत्यू'.

बघा, साहेब म्हणाले होते 'नसतील'. मी लिहिलं 'न केल्यामुळे'. डेस्कने उरलेलं काम केलं. तिघांपैकी एकही जण त्या वावरात गेला नव्हता.

पंधरा-वीस दिवसांनी तहसीलच्या आवारात एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सोबत भाऊ होता. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागद, त्या कागदांत माझ्या बातमीचं कात्रण.

"भाऊ, हे तुमी लिवलं काजी?"

"हो वहिनी."

"त्यायच्या तोंडाले दुपट्टा होता नं. म्याच धुतला. दोनदा साबन लावला तरी वास गेला नाई. मंग मास्क नोता असं काहून लिवलं?"

मी काहीतरी बोललो. दुपट्टा वेगळा, मास्क वेगळा, असं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मालकानं देल्ला नाई, दुकानदारानं देल्ला नाई, मंग त्यायनं कोठून लावाव?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर तिच्या भावाकडून कळलं की वावराचा मालक आधी थोडीफार मदत करतो म्हणाला होता. पेपरात आल्यावर त्याने पेपरच दाखवला. चूक त्याची होती, छापूनच आलंय. तोही काही जमीनदार नव्हे, चार एकर कोरडवाहू आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पण माझ्या चार ओळींनी त्याला सुटायला वाट करून दिली. शेतकऱ्यांच्या अपघात योजनेत विषबाधा बसते, पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागतं, नाहीतर खातेदाराच्या घरचं असावं लागतं. याच्या घरी सातबाराच नव्हता. म्हणजे जो दुसऱ्याच्या वावरात सगळ्यात जास्त विष फवारतो, तोच त्या योजनेच्या बाहेर.

त्यानंतर मी हा विषय शिकायला लागलो. दोन कृषी अधिकारी, एक डॉक्टर, कीटकनाशक विकणारे आणि फवारणारे, सगळ्यांना विचारत गेलो. जे कळलं ते माझ्या बातमीच्या उलटं होतं.

पहिली गोष्ट. फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते जास्त करून कातडीतून. नाकातोंडातूनही जातं, पण मोठा दरवाजा कातडीचा. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ मध्ये पॅराथिऑन नावाच्या फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकावर झालेला एक अभ्यास आजही सुरक्षेच्या पुस्तकांत देतात. हाताच्या कोपरापुढच्या भागातून जेवढं विष आत जातं ते १ धरलं, तर डोक्याच्या कातडीतून जवळपास ४ पट, कपाळातून ४ पटीहून थोडं जास्त आणि जांघेत जवळपास १२ पट. आता आठवा आपला पंप. झाकणाचा वायसर गेलेला, पट्ट्यापाशी पाझरतो. ते पाणी पाठीवरून वाहत कुठे जातं? कमरेला, आणि कमरेखाली. दिवसभर ओली चड्डी अंगावर असते. तोंडाला कितीही भारी मास्क लावला तरी त्या बाराच्या आकड्याला तो काय करणार?

दुसरी गोष्ट. हे विष करतं काय? आपली नस स्नायूला निरोप देते, स्नायू हलतो. निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकं त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतात. मग निरोप पुसलाच जात नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग फडफडतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. जखडलेलं द्रव्य शरीरात पुन्हा तयार व्हायला बरेच दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून काल काही झालं नाही, परवाही काही झालं नाही आणि पाचव्या दिवशी माणूस पडला असं होतं. तो पाचव्या दिवसाच्या फवारणीने पडलेला नसतो, पाचही दिवसांनी पडलेला असतो. आपल्याकडे लोक म्हणतात, "मले सवय हाये, काई होत नाई." याची सवय होत नसते, याची उधारी चढत जाते.

तिसरी गोष्ट मास्कची. २०२० मध्ये साऱ्या जगाच्या तोंडाला मास्क लागला आणि आमच्या गावांत लोक तोच निळा कोरोनाचा मास्क लावून फवारायला गेले. किती विश्वासाने गेले! तो मास्क आपल्या खोकल्याचे थेंब दुसऱ्यावर जाऊ नयेत म्हणून असतो. एन-९५ त्याच्यापेक्षा बरा, तो हवेतले बारीक कण आणि थेंब अडवतो, पण औषधाची वाफ त्यातून आरपार जाते. वाफ अडवायला कोळशाचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. त्यातला खास तयार केलेला कोळसा वाफेला धरून ठेवतो. पण तो कोळसाही भरतो. आत वास यायला लागला की तो संपला, बदलायचा. वापरून गोठ्यात खिळ्याला टांगून ठेवला तर रिकाम्या हवेतही संपत राहतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. दाढी वाढलेली असेल तर रबर गालाला चिकटत नाही आणि हवा बाजूने शिरते. आणि दुपट्टा? कोरडा असेपर्यंत जाडे थेंब थोडेफार अडवतो. एकदा फवाऱ्याने ओला झाला की तो दिव्यातल्या वातीसारखा होतो. औषध शोषून घेतो आणि दिवसभर नाकाशी धरून ठेवतो. ज्याने दुपट्टा बांधला होता त्याला मी 'मास्क नव्हता' म्हणालो. त्याची सोय त्यालाच नडली असेल, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

ऐकीव सगळं खरं धरायचं नाही ही पत्रकाराची सवय, म्हणून त्याच वर्षी मी स्वतः फवारून पाहिलं. घाबरू नका, औषध नव्हतं. १६ लिटरच्या पंपात पाणी आणि कपड्याची नीळ. खाली पांढरी बनियन, पांढरा पायजमा. वरून वाटपात मिळालेलं किट. टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे आणि पुढून बांधायचा पातळ एप्रन. मित्राच्या वावरात, सप्टेंबरची सकाळ, दहाचा सुमार.

सात-आठ मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली. समोरची ओळ दिसेना. पऱ्हाटीच्या फांद्यांत एप्रन अडकला आणि मांडीपाशी फाटला. पंधरा मिनिटं झाली असतील, मित्र बांधावरून ओरडला, "भाऊ, मास्क कोठी हाये?" हात लावून पाहिला तर हनुवटीवर. मी कधी ओढला मला कळलंसुद्धा नाही. मी, जो हे तपासायलाच वावरात गेलो होतो!

एक पंप संपवून कपडे काढले. मास्कवर निळे ठिपके होते, मोजता येतील एवढे. पायजमा मांड्यांपासून घोट्यापर्यंत निळा. कारण आपण समोर फवारतो आणि फवारलेल्या ओल्या झाडांतूनच पुढे चालत जातो. बनियनवर पाठीतून खाली ओघळाचा पट्टा, चड्डीचं इलॅस्टिक निळं. सगळ्यात वाईट हातमोजे. उंच झाडावर मारायला नळी वर धरली की पाणी नळीवरून मनगटाकडे येतं आणि मोज्याच्या आत शिरतं. बाहेरून मोजे बरे दिसत होते, आत तळवे निळे. म्हणजे मोजा नसता तर हात निदान वाळला तरी असता. मोज्याने ते पाणी आत धरून ठेवलं. मित्र हसून म्हणाला, "भाऊ, तुमी तं महादेव झाले. त्याचा गया निया होता, तुमच्या मांड्या." आम्ही दोघंही हसलो. घरी येऊन आंघोळीला दोनदा साबण लावला. तळव्यांचा रंग दोन दिवस गेला नाही. तोवर जेवताना प्रत्येक घासाला तो दिसत होता.

आणि हे तर पातळ केलेल्या पाण्याचं झालं. खरा धोका त्याच्या आधीच असतो. पंपाला ३० मिली औषध टाकतो आपण. म्हणजे बाटलीतलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा पाचशे पटींहून कडक. ते झाकणाने मोजताना, बादलीत काडीने, कधी हाताने ढवळताना बोटावर सांडलेले चार थेंब म्हणजे पंपातलं जवळपास शंभर मिली पाणी अंगावर घेतल्यासारखं. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधं एकत्र केली तर हिशेब आणखी अवघड. त्यानंतर तोच हात चिमटीत खर्रा घेतो. पाणी आणून देणारी बाई हंडा घेऊन तिथेच उभी असते, तिच्या पायावर शिंतोडे. संध्याकाळी ते कपडे हाताने धुणारीही तीच. तिचं नाव कोणत्याही किटवाटपाच्या यादीत मी अजून पाहिलेलं नाही.

माझा साळा तारापूरच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याला हा सगळा प्रयोग सांगितला. वाटलं होतं हसेल. तो म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे उलटी गंगा आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की मास्क सगळ्यात शेवटी." आधी विचारायचं, हे रसायन लागतंच का? लागत असेल तर कमी घातक चालेल का? तेही नसेल तर बंद पाइपातून नेता येईल का, माणूस लांब ठेवता येईल का? मग कामाचे तास कमी करता येतील का? हे सगळं करून जो धोका उरतो त्याच्यासाठी मास्क आणि सूट. तेव्हाही सोबत दुसरा माणूस लक्ष ठेवून, जवळ डोळे धुवायचा नळ, अंगावर पडलं तर आंघोळीचा शॉवर. "नुसता मास्क देऊन आत पाठवलं तर आमच्याकडे त्याला सेफ्टी म्हणत नाहीत," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "कायम लोकांचं सांगतोय हं. कंत्राटी पोरांचं वेगळं असतं." म्हणजे तिथेही आपला फवारणी मजूर आहेच.

मग मी कायदा काढून वाचला. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. नियम वाचून मला आश्चर्य वाटलं, कारण त्यात सगळं आहे. औषध न झिरपणारे आणि धुता येणारे कपडे, डोक्याला टोपी, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी मोजे, चष्मा, बूट, गरज असेल तिथे श्वसनाचं उपकरण. हे कारखान्यातल्यांसाठीच नाही, फवारणाऱ्यासाठीही आहे. पण वाक्य कसं आहे? कीटकनाशक हाताळणाऱ्या व्यक्तीला योग्य कपड्यांचं पुरेसं संरक्षण असलं पाहिजे. असलं पाहिजे! ते कोणी द्यायचं, हे त्या वाक्यात नाही. कंपनीने, दुकानदाराने, मालकाने की सरकारने? शाळेत व्याकरण शिकवताना गुरुजी विचारायचे, वाक्यातला कर्ता शोधा. नियमात कर्ता सापडत नाही. माझ्या बातमीत मात्र कर्ता लगेच सापडला होता. मास्क न लावणारा मेलेला मजूर.

यानंतर तालुक्यातली सात कृषी केंद्रं फिरलो. सगळीकडे एकच मागणी केली, फवारणीचे हातमोजे द्या. औषधांच्या बाटल्यांनी भिंती भरलेल्या. मोजे दोन ठिकाणी मिळाले, तेही खाणावळीत वाढपी घालतात तसे पातळ प्लॅस्टिकचे. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क एकाही ठिकाणी नव्हता. एक दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, ठेवतो, पन कोनी मांगत नाई. अन मांगलं तं औषधाइतके पैसे द्याले तयार नाई." तेही खोटं नाही. आपण विषाला 'औषध' म्हणतो ना, तिथूनच सुरुवात आहे. औषधापासून कोण कशाला स्वतःला वाचवेल?

आता कोणी म्हणेल, किट दिलं तरी हे लोक घालत नाहीत. बरोबर आहे. मी तरी कुठे पंधरा मिनिटांच्या वर घातलं? ऑक्टोबर हीटमध्ये, दमट हवेत, पाठीवर वीस किलोचं ओझं घेऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माणूस सहा तास चालू शकत नाही. तो उन्हाने पडेल. त्याला आडमुठा म्हणण्याआधी प्रेसनोट लिहिणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या छापणाऱ्यांनी एक पंप मारून पाहावा.

चांगलंही काही घडतंय, तेही सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला 'किसान कवच' नावाचा सूट जाहीर झाला. कापडच असं की फॉस्फरसवर्गीय आणि त्याच्या जवळच्या गटातलं कीटकनाशक त्यावर पडलं की तिथेच त्याचं विघटन होतं. गंमत म्हणजे विषबाधेच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिनसोबत जे 'पाम' नावाचं औषध देतात, त्याच कुळातलं रसायन या कापडात बसवलंय. उतारा दवाखान्याऐवजी अंगावरच. धुऊन पुन्हा वापरता येतो. जाहीर झाला तेव्हा किंमत होती ४००० रुपये. मजुराची दहा-बारा दिवसांची मजुरी. आपल्या आपण तो कधीच घेणार नाही. मालकालाही जड जाईल. पण गावाने मिळून पाच-दहा घेतले, ग्रामपंचायतीत ठेवले, फवारणीच्या दिवशी दिले आणि धुऊन परत घेतले, असं करता येणार नाही का? अनेक गावांत लग्नाची भांडी अशी ठेवतात. ही मागणी मी आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे. तुम्हीही मांडा.

तोवर फुकटात किंवा थोडक्यात होण्यासारखं जे आहे ते लिहितो. फवारणाऱ्याला वाचून दाखवा.

औषध घेताना बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याशिवाय भागत असेल तर भागवा. किडीची संख्या मोजूनच फवारा, शेजाऱ्याने मारलं म्हणून मारू नका. निंबोळी अर्क, कामगंध सापळे याची टिंगल करू नका, न मारलेला पंप सगळ्यात सुरक्षित पंप.

पंधरा-वीस रुपयांचा वायसर टाका आणि पंप गळायचा थांबवा. माझ्या मते कोणत्याही मास्कपेक्षा याने जास्त फरक पडेल. पाठीवर आणि कमरेला जाड प्लॅस्टिक बांधा, खताची रिकामी पिशवी धुऊन चालेल, औषधाची नको. समोरून मांड्यांवरही.

औषध काढताना आणि मिसळताना नायट्राइल रबराचे लांब मोजे घाला, कापडी नको. मिसळायचं काम उन्हात चालायचं नसतं, तेवढा वेळ पूर्ण किट आणि मास्क सहन होतो. नळी वर धरून फवारायचं असेल तर मोज्याचा काठ बाहेर दुमडून घ्या. बूट असतील तर पायजमा बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचला तर ओघळ बुटात जाईल.

वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. फवारलेल्या ओळीतून चालू नका. डोक्याच्या वर पऱ्हाटी गेली असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारूच नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. खर्रा आणि बिडीच्या आधी साबणाने हात धुवा. लघवीला जायच्या आधीही, जांघेचा तो आकडा आठवा.

एकाच माणसाला सलग पाच दिवस फवारायला लावू नका. मधे खाडा द्या. मालकांनो, ही तुमच्याच हातातली गोष्ट आहे आणि याला एक रुपया लागत नाही.

कपडे वेगळे धुवा, धुणारीने मोजे घाला. आणि डोकं गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर झालं की तिथेच थांबा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, दूध-तूप-ताक पाजत बसू नका, सरळ दवाखाना. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून उतारा ठरवता येतो.

आता त्या प्रेसनोटबद्दल. ती मी अजून लावलेली नाही. संबंधित कार्यालयाला तीन प्रश्न लेखी पाठवलेत. वाटलेला मास्क वाफ अडवतो का? तालुक्यात वाटलेल्या किटांपैकी किती भूमिहीन मजुरांना मिळाली? आणि किट द्यायची जबाबदारी कायद्याने नेमकी कोणाची आहे? उत्तरं आली की त्यासकट बातमी लावतो. नाही आली तर तसं लिहितो.

आणि एक काम राहिलं होतं. तेव्हाच्या दैनिकात मी आता नाही, त्यामुळे इथेच करतो.

चूकदुरुस्ती. सप्टेंबर २०१९ मध्ये 'मास्क न लावल्याने मजुराचा मृत्यू' अशी बातमी मी दिली होती. त्या मजुराच्या तोंडाला दुपट्टा बांधलेला होता. त्याला मास्क, हातमोजे किंवा कपडे कोणी दिल्याचं आढळलं नाही. पंप गळका होता का, औषध कोणतं होतं, किती दिवस सलग फवारणी झाली, यापैकी काहीही मी तपासलं नव्हतं. बातमीतलं मृत्यूचं कारण माझ्या माहितीवर आधारलेलं नव्हतं. वहिनी, तुम्ही विचारलं होतं तसं का लिहिलं. न पाहता लिहिलं. तुमची माफी मागतो.